पहिला माते खुळ्याचा

ताक्वारेम्बो,
९ नोव्हेंबर २००३

प्रिय सुल्मामावशी,

तुझा भाऊ खुशाल आहे हे आधीच सांगते, नाहीतर तू पत्र शेवटून वाचायला घेशील. आई म्हणते, तुम्हा सगळ्या मावसबहिणींना ती खोड आहे.

एल्बिओमामा आता इथे रुळला आहे. सुरुवातीला तो रोज दुपारी बॅग भरून फाटकापाशी जाऊन बसायचा. तुमच्या गावाला जाणारी मिल्तोनची बस समोरून निघाली की उठायचा, टोपी काढून हलवायचा आणि बस गेली की बॅग उचलून आत यायचा. मी एकदा विचारलं, "मामा, बसमध्ये बसायचं होतं का तुला?" तर म्हणाला, "नाही गं. गाडी सोडायची होती." आता बॅग भरत नाही. टोपी मात्र अजून हलवतो.

हे आमचं द्राक्षमांडवाचं घर तू पाहिलं नाहीस. तुझा खुबा मोडला, तुला इस्पितळात नेलं आणि मामाला मीच घाईघाईत इकडे आणलं. इथे दहा-बारा जण राहतात, सगळे मोठे, सगळ्यांना शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. आमचं काम त्यांना सांभाळायचं नाही. ज्याला जे स्वतःचं स्वतः करता येईल ते करू द्यायचं आणि गरज पडेल तेवढाच हात लावायचा. वाचायला सोपं वाटतं. पण बुटाची नाडी बांधायला कुणी धडपडत असताना आपले हात पाठीमागे धरून उभं राहणं, मावशी, यासारखं अवघड काम मी अजून केलेलं नाही.

दुपारची झोप झाली की मांडवाखाली माते होतो: कडू पाल्याने भरलेला एकच भोपळा, एकच नळी, आणि फेरीने प्रत्येकाला गरम पाणी ओतून. ओतायला निबिया, इथेच राहणारी. ती चाळिशीची आहे. तिचं अक्षर मोठं आणि मतं त्याहून मोठी. परवा गंमत झाली. आमच्याकडे सभ्यपणाचा तास घ्यायला एक बाई येतात. त्यांनी शिकवलं, कुणी हातात काही दिलं की 'आभार' म्हणायचं. मामाने ते मनावर घेतलं. निबियाने मातेचा भोपळा त्याच्या हातात दिला, त्याने नळीने शेवटपर्यंत ओढला आणि परत देताना मोठ्याने म्हणाला, "आभार." झालं. पुढच्या फेरीत निबियाने त्याला गाळलं. त्याच्या पुढच्याही. शेवटी तो रडवेला होऊन म्हणाला, "माझं काय चुकलं?"

"तूच म्हणालास ना आभार?" निबिया म्हणाली. "भोपळा परत देताना आभार म्हणजे पुरे, आता नको. एवढं कळत नाही? कुठल्या देशातला तू?"

सगळे हसले, मामाही हसला. त्या बाईंनाही ही रीत ठाऊक आहेच, शिकवताना सुचली नाही इतकंच.

पण एक गोष्ट मला समजत नाही. तू सांगशील म्हणून लिहिते. पहिला माते निबिया स्वतः पिते, ओतणाऱ्याने प्यायचा असतो तसा. मामाला ते चालत नाही. "तो माझा आहे," म्हणतो आणि भोपळ्याला हात घालतो. एकदा तर उठून खोलीत गेला आणि जेवायलाही आला नाही. पहिला माते कुणाला हवा असतो? त्याचं हे काय आहे?

तुझी,
नोएलिया


त्रेस तालास,
२० नोव्हेंबर

पोरी,

पत्र वरूनच वाचलं. शेवटी काही वाईट तर नाही ना, एवढंच आधी पाहून घेतलं.

पहिल्या मातेचं विचारतेस. तू तेव्हा जन्मली नव्हतीस, म्हणून तुला ठाऊक नाही. आमचे बाबा इथल्या स्टेशनाचे मास्तर. मास्तर कसले, मास्तर, हमाल, दिवेवाला, सगळं तेच. आमचं स्वयंपाकघर फलाटावरच उघडायचं. हिवाळ्यात उजाडायच्या आधी चुलीत निलगिरीची लाकडं पेटायची, किटली गुणगुणायला लागायची आणि रिवेराकडची गाडी येईपर्यंत आमच्याकडे माणसांचा घोळका जमायचा. दूधवाला, लोकर घेऊन आलेले गुराखी, शाळेच्या मास्तरीणबाई. त्यात कधी तुझे आजोबाही असायचे, अंगावर पांघरलेल्या भिजक्या पोंचोला मेंढीचा वास मारत. बाबा ओतायचे.

पहिला माते कसा असतो तुला सांगायला नको. कोमट, कडू, नळीतून पाल्याची पूड वर येते. पाहुण्याला असला देऊ नये म्हणून ओतणाऱ्याने प्यायचा, आणि पितो म्हणून आपल्याकडे त्याला खुळ्याचा माते म्हणतात. बाबा तो भोपळा एल्बिओच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "पहिला खुळ्याचा. घे रे." सगळे हसायचे आणि सगळ्यांत जास्त एल्बिओ. सुर्र करून शेवटच्या थेंबापर्यंत ओढायचा आणि असं तोंड करायचा, की मास्तरीणबाईंना ठसका लागायचा. मग टोपी घालून घंटेकडे. घंटा त्याची. त्याने वाजवल्याशिवाय गाडी हलायची नाही. ड्रायव्हर इंजिनातून ओरडायचा, "साहेब, सोडता का? का इथंच संसार मांडू?" आणि हा मुद्दाम थोडा वेळ लावायचा.

गाडी बंद झाली. रेल्वेची माणसं येऊन घंटा काढून घेऊन गेली. घर आमच्याकडे राहिलं, कारण ते कुणालाच नको होतं. रुळात गवत वाढलं, त्यात तुझ्या आईच्या चुलत्याच्या मेंढ्या चरायला लागल्या. बाबा गेले. पण सकाळचा पहिला माते मी एल्बिओला देत राहिले, बाबांच्याच शब्दांनी. हसायला आम्ही दोघंच.

तेव्हा त्याला पहिला द्या. त्याचा आहे तो.

किटलीजवळ मात्र त्याला जाऊ देऊ नकोस. मी आयुष्यात कधी जाऊ दिलं नाही. माझा खुबा आता बरा आहे, काठी नुसती कोंबड्यांना हाकलायला वापरते. ईस्टरच्या आठवड्यात त्याला न्यायला येते.

सुल्मामावशी


ताक्वारेम्बो,
४ डिसेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना ते स्वयंपाकघर डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि वाटलं, मीही तिथे असायला हवी होते. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा 'खुळ्याचा' या शब्दापाशी थांबले.

मावशी, रागावू नकोस. एका मुलाला भल्या सकाळी, सगळ्या गावासमोर, कुणालाच नको असलेलं पेय द्यायचं आणि त्याला खुळा म्हणायचं. तो हसायचा, कारण सगळे हसत होते. दुसरं काय करणार होता? मी शिकत असताना आमच्या एक प्राध्यापक म्हणायच्या, माणसाला ज्या नावाने हाक मारतात त्या नावाएवढाच तो वाढतो. मामा सेहेचाळीस वर्षांचा आहे.

मी निबियाला सांगितलं आहे, पहिला त्याला कधीही द्यायचा नाही. त्याला तिसरा द्यायचा, फेस आलेला, घरच्या मोठ्या माणसाला देतात तसा. आता तसंच चाललं आहे. तो पितो आणि गप्प बसतो. पूर्वीसारखा बोलत नाही. इतक्या वर्षांची सवय आहे, मोडायला वेळ लागेल.

आता महत्त्वाचं. आमच्या परसात एक छोटं घर बांधून झालं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे मांडवाचाच एक तुकडा. तिथे तिघांनी आपलं आपण राहायचं. स्वयंपाक, धुणं, बाजार सगळं त्यांचं त्यांनी. आमच्यापैकी कुणीतरी दिवसातून एकदा चक्कर मारणार. निबिया जाणार आहे, आणि दार्दो. दार्दो म्हणजे बागेचं काम करणारा, फार न बोलणारा. तिसरी जागा मामाची असावी असं आम्हा सगळ्यांना वाटतं. त्यालाही वाटतं. विचारलं तेव्हा त्याने आधी दाराची कडी लावून पाहिली, मग काढून पाहिली आणि म्हणाला, "आतून लागते."

पण कायद्याने त्याची पालक तू आहेस. तुझी सही लागेल. ईस्टरला त्याला न्यायला नको, बघायला ये.

तुझी,
नोएलिया


त्रेस तालास,
१६ डिसेंबर

नोएलिया,

सही करणार नाही.

तुझ्या आईने तुला शिकवायला शाळेच्या स्वयंपाकघरात किती हंडे घासले ते मी पाहिलं आहे. तुमच्या घरातली पहिली पदवी तुझी, ती भिंतीवर लावली तेव्हा खिळा मीच ठोकला होता. म्हणून तुला शहाणी म्हणते आणि तिथेच थांबते.

खुळा हा शब्द तुला टोचला. बरं. पण आमच्या घरी त्याला शब्दही मिळायचा आणि वाटाही. तू शब्द काढून घेतलास आणि त्याच्याबरोबर वाटाही. आणि वर लिहितेस, गप्प बसतो.

दाराला आतून कडी लागते म्हणून माणूस सुखी होत नाही. माझ्या दाराला आहे आतून कडी.

तो गेल्यापासून पहिला माते मी लिंबोणीच्या बुंध्यात ओतते. लिंबाला आवडत नसावा. यंदा फळ धरलं नाही.

मिल्तोनबरोबर पीच पाठवले आहेत, पाकातले. बरणी परत पाठव.

सुल्मा


ताक्वारेम्बो,
५ जानेवारी २००४

प्रिय मावशी,

नव्या वर्षाचं सुख तुला लाभो. बरणी धुऊन पाठवते आहे. पीच पाहून मामाने आधी बरणीला कान लावला. का, ते तुलाच ठाऊक.

इकडे सगळं ठीक आहे. मामा आता रोज सकाळी एकटा पाव आणायला जातो. कोपऱ्यावर थांबतो, डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, आणि रस्ता रिकामा असला तरी एक गाडी जाऊ देतो. गाडीच नसेल तर येईपर्यंत थांबतो. त्यामुळे पाव यायला उशीर होतो, पण येतो. पाववाल्या बाई त्याला 'दोन एल्बिओ' म्हणतात आणि तो त्यांना म्हणतो, "दोन नाही, एकच आहे." त्या बिचाऱ्या मानाने 'दोन', म्हणजे साहेब, म्हणतात आणि याला वाटतं, मोजतात.

हल्ली मातेचं पाणी तापवायला शिकायचं असं त्याच्या मनात आहे. बघू.

काळजी करण्यासारखं काहीच नाही. तू छोट्या घराचा पुन्हा एकदा विचार करावास एवढंच.

तुझी,
नोएलिया


(तारीख नाही)

सुल्मा,

हे निबिया लिहिते आहे, सांगतो एल्बिओ. मध्ये मी बोलले तर कंसात.

पीच संपले. दार्दोने जास्त खाल्ले. (खोटं आहे. सगळ्यांनी सारखे खाल्ले.) हात आता दुखत नाही. फोड फुटला. नोएलिया रडली, मी नाही रडलो. (थोडा रडला.) डॉक्टरने पांढरी पट्टी बांधली, ती मी तीनदा सोडली. पाव मी आणतो. कुत्रा कसा आहे? घंटा सापडली का? तू बसने ये. खुर्ची आहे. पाहुणे आले की माते द्यायचा असतो.

एल्बिओ.

(हे पत्र आम्ही दोघांनीच बसवर नेऊन दिलं. कुणाला विचारलं नाही. तुमची हरकत नसावी. निबिया.)


त्रेस तालास,
२८ जानेवारी

नोएलिया,

सोबत निबियाचं पत्र पाठवते आहे. वाच. तुझं 'काळजी करण्यासारखं काहीच नाही' ते पत्रही शेजारी ठेवून वाच.

कार्निव्हल संपल्यावर जो शनिवार येईल त्या दिवशी मी येते. त्याची बॅग भरून ठेव.

सुल्मा


ताक्वारेम्बो,
८ फेब्रुवारी

सुल्मामावशी,

मी खोटं लिहिलं. तुला वाटेल सापडले म्हणून कबूल करते. तसंच समज, मला तक्रार करायला जागा नाही.

डिसेंबरच्या शेवटी मामा चुलीपाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी मी ओतणार." मी रोज त्याच्याबरोबर उभी राहायचे. किटली गुणगुणायला लागली की उतरवायची, उकळू द्यायची नाही, हे तो लगेच शिकला. त्याला तो आवाज आधीपासून ठाऊक होता. थर्मासमध्ये ओतताना त्याचा हात मी धरायचे. तुला नव्या वर्षाचं पत्र लिहायच्या आदल्या दिवशी फोन वाजला आणि मी दोन पावलं मागे गेले. थर्मास भरला तरी तो ओतत राहिला. डाव्या हाताच्या पंजावर पाणी गेलं. फोड आले. पंधरवड्यात जखम भरली, खूण राहील.

तुला कळवलं नाही, कारण मला वाटलं, आता ही कधीच सही करणार नाही. म्हणजे मामाच्या हातापेक्षा मला तुझ्या सहीची काळजी जास्त होती. हे लिहायला मला तीन कागद लागले.

मी त्याला म्हटलं, मामा, आता किटली नको. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेला हात छातीशी धरून तो पुन्हा चुलीपाशी. "आज मी." त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा. त्याला किटलीचं एवढं काय आहे, मला अजून समजलेलं नाही. मी विचारलं तर म्हणतो, "तूच तर काढून घेतलास." काय काढून घेतलं, ते सांगत नाही. शेवटी थर्मासच्या तोंडाच्या आत, पाणी कुठवर भरायचं तिथे दार्दोने लाल पट्टी लावली, आणि आता तो रोज ओततो. मी मागे उभी असते, हात पाठीशी. ते तुला आवडेल की नाही माहीत नाही, पण हे आता लपवणार नाही.

मी विद्यापीठात जायला निघाले त्या सकाळचं एक सांगते. बस आली तेव्हा आई चुलीकडे तोंड करून तव्यावरची भाकरी उलटत होती. वळली नाही. मला किती राग आला होता. वाटलं, हिला काही वाटतच नाही. भाकरी जळल्याचा वास मला पार रस्त्यापर्यंत आला, तरी माझ्या लक्षात आलं नाही.

त्याची बॅग मी भरलेली नाही. इथे ज्याची बॅग तो भरतो. तू येणार हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सुल्मा येणार? मग खुर्च्या लावायला हव्यात."

ये. ठरवून येऊ नकोस, एवढंच मागते.

नोएलिया


त्रेस तालास,
३ मार्च

नोएलिया, पोरी,

शनिवारी मी तुला मांडवाखालून आत घालवलं. "आमचं आम्हाला बोलू दे," म्हटलं. नंतर सही करायला आले तेव्हा तू विचारलंस, काय बोलणं झालं. मी म्हटलं, "काही नाही, माते प्यायलो." ते खोटं नव्हतं. पण तू तीन कागद फाडून खरं लिहिलंस, तेव्हा मलाही थोडं लिहायला हवं.

मी रिकामी पिशवी घेऊन आले होते, त्याचे कपडे भरायला. ती तू पाहिलीस आणि काही बोलली नाहीस, ते बरं केलंस.

छोट्या घरापुढे त्याने खुर्च्या मांडल्या होत्या. माझ्या खुर्चीवर उशी. अंगात धुतलेला सदरा, केस पाण्याने चापून बसवलेले. रेल्वेचा साहेब तपासणीला यायचा त्या दिवशी बाबा त्याचे तसेच बसवायचे. थर्मास बगलेत. "बस, सुल्मा," म्हणाला. इतकी वर्षं त्याला 'बस, उठ, चल' मी म्हणत आले. बसले.

त्याने भोपळ्यात पाला भरला, तळहातावर उपडा आपटून पूड झटकली, मग एका कडेने पाणी सोडलं. ओतायला त्याला निबियाने शिकवलं असेल. पण भोपळा असा आपटायची रीत बाबांची. ती त्याने नुसती बघून ठेवली होती, कधी ना कधी लागेल म्हणून.

भोपळा भरला. मी म्हटलं, "पी, पहिला तुझा." म्हणायचीच गरज नव्हती, त्याने तोंडाला लावलाच होता. सुर्र केलं, तेच तोंड केलं. मला हसू आलं आणि जुन्या सवयीने तोंडातून गेलं, "पहिला कुणाचा रे?"

"खुळ्याचा."

"आणि खुळा कोण?"

माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच शिकायला वेळ लागतो.

"जो ओततो तो, सुल्मा. ज्याचं घर तो. पाहुण्याला पहिला देत नाहीत, कडू असतो." मग दुसरा भरून माझ्यापुढे धरला. "घे. हा चांगला आहे."

पाहुणी. गेल्या हिवाळ्यापर्यंत त्याच्या बुटांच्या नाड्या बांधणारी मी.

किटलीचं तुला समजत नव्हतं ना? हे होतं ते. ओतायचे बाबा आणि पहिला प्यायचा हा, म्हणजे ते घर त्याचं होतं. स्टेशन त्याचं, घंटा त्याची, आणि आलेल्या प्रत्येकाच्या वाटचं कडू तो आधी पिऊन टाकायचा. त्याचा हिशेब असा. बाबांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही. हसायचे ते थट्टेनेच, नाही कसं म्हणू. पण तो थट्टा पीत नव्हता. तुला वाटलं, तू त्याचा अपमान थांबवलास. मला वाटलं, तू त्याचा वाटा काढलास. आपण दोघी पत्रांतून भांडत बसलो आणि त्याने जाऊन किटली मागितली. पहिला हवा तर ओतायला शिकलं पाहिजे, एवढं सरळ.

मी 'चल' म्हणायला आले होते. नळी तोंडात असली की बोलावं लागत नाही. भोपळा परत द्यायचे, तो भरायचा, पुन्हा माझ्या हातात. 'आभार' मी म्हणत नव्हते, त्यामुळे तो थांबत नव्हता. मला हेच चाललं असतं संध्याकाळपर्यंत.

"कुत्रा?" त्याने विचारलं.

"गेला रे. म्हातारा झाला होता."

"लिंबाखाली पुरलास?"

"हो."

"मग आता लिंबं लागतील." त्याने भोपळा भरून पुन्हा माझ्या हातात दिला. "घंटा?"

"घंटा कुठली आता. ती नेली."

"असू दे. तिथे गाडी येत नाही, सुल्मा. इथे बस येते."

मी म्हटलं, "मग मी काय करू तिथे एकटी?"

"कोंबड्यांना दाणे घाल." आणि जरा विचार करून, "कंटाळा आला तर ये. खुर्ची आहे."

थर्मास संपला. तो उठला आणि पाणी तापवायला आत गेला. तू म्हणतेस ना, हात पाठीमागे धरून उभं राहायचं. मी खुर्चीचे हात धरून बसले. आत काडी ओढल्याचा आवाज आला, किटली ठेवल्याचा आला. मग बराच वेळ काही नाही. मग ती गुणगुणायला लागली, बाबांच्या स्वयंपाकघरात लागायची तशीच, आणि मी पोंचोचा वास सुद्धा घेतला, खोटं सांगत नाही. मी उठले नाही. खुब्यामुळे नाही. उकळायच्या आत आवाज बंद झाला. पाणी ओतल्याचा आवाज आला आणि थांबला, जिथे थांबायला हवा तिथे. तो थर्मास बगलेत घालून बाहेर आला आणि म्हणाला, "अजून आहेस ना?"

त्यानंतरचे दोनच घेतले. भोपळा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "आभार, एल्बिओ."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "पुरे?"

"पुरे."

"पोट भरलं?"

"भरलं."

त्याने थर्मासचं झाकण लावलं. आपल्यात बहीण भावाला आभार म्हणत नाही. मीही जन्मात म्हटलं नव्हतं. त्याला वाटलं, माते पुरे झाला. वाटू दे.

मग सही केली. ती तुझ्या समोरच केली.

पिशवी रिकामी नेऊ नये म्हणून निबियाने त्यात मांडवाची द्राक्षं भरून दिली, आणि वर मलाच ऐकवलं, "पुढच्या वेळी बरणी भरलेली आणा." फाटकापर्यंत तो आला. माझा दंड त्याने धरला होता. लोकांना वाटलं असेल, मी त्याला धरून चालते आहे. मिल्तोन बस सुरू करून बसला होता. मी चढले, खिडकीशी बसले. एल्बिओ टोपी हातात घेऊन नुसता उभा. मिल्तोनने डोकं बाहेर काढून विचारलं, "साहेब, सोडता का?" मुद्दाम थोडा वेळ लावला त्याने. मग टोपी हलवली, आणि तेव्हाच बस निघाली.

ईस्टरला येते. त्याला सांगून ठेव, पाहुणी येणार आहे. तुझ्या आईलाही आणते. तिची भाकरी त्या दिवशी का जळली ते तिलाच विचार.

आज सकाळी चूल पेटवली. पाणी तापलं, भोपळा भरला. रोजच्यासारखी लिंबापर्यंत गेले आणि परत फिरले. घर माझं, ओतणारी मी, मग टाकायचा कशाला? फलाटावरच्या बाकावर बसून पहिला मीच प्यायले. जन्मात पहिल्यांदा. कोमट, कडू, पूड पार घशापर्यंत गेली. तरी शेवटच्या थेंबापर्यंत ओढला, तो ओढतो तसा आवाज करून.

तुझी खुळी मावशी,
सुल्मा